बागेतली शेड घराला शोभेल अशी कशी आखावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेसाठी शेड बांधायची ठरली की किती मोठी आणि किती मजबूत, एवढंच आधी विचारलं जातं. ती दिसेल कशी हा प्रश्न शेवटी येतो, बऱ्याचदा बांधून झाल्यावर. पण घराच्या खिडकीतून ती रोज दिसणार असते, आणि तिचं रूप ज्यांवर ठरतं त्या गोष्टी, म्हणजे छपराचा उतार, जोत्याची उंची, दाराची जागा, नंतर सहजासहजी बदलता येत नाहीत. म्हणून या प्रश्नांची उत्तरं पहिली वीट ठेवण्याआधी वाचावीत.

सुरुवात कुठून करायची? आधी जागा बघायची की आराखडा काढायचा?

दोन्हीच्या आधी सामान मोजायचं. शेडमध्ये जे जे जाणार आहे ते सगळं बाहेर काढून जमिनीवर मांडा: फावडं, कुदळ, दाताळं, शिडी, पाण्याचा पाइप, एकचाकी हातगाडी, गवत कापायचं यंत्र, खताची पोती, रिकाम्या कुंड्या. मांडल्यावर लगेच कळतं की लांब दांड्याची अवजारं भिंतीला उभी टांगली तर फारशी जागा घेतच नाहीत. जागा खातात ती चाकांची यंत्रं, पोती आणि कुंड्यांच्या उतरंडी. निम्म्या कुंड्या ठेवायचं कारण नसतं, हेही त्याच वेळी दिसतं.

मग स्वतःला एकच गोष्ट विचारा: इथे फक्त सामान ठेवायचंय, की उभं राहून कामही करायचंय? रोपं लावायला, कुंड्या भरायला ओटा हवा असेल तर ओट्याची खोली २ फूट आणि समोर उभं राहायला किमान ३ फूट, म्हणजे ५ फुटांची पट्टी त्यातच गेली. ओट्याची उंची कमरेला जुळेल अशी, साधारण ३ फूट. काम करायची शेड आणि सामानाची शेड यांचा उजेड वेगळा, दार वेगळं, जागाही वेगळी लागते. हे आधी ठरलं की पुढचे निम्मे वाद मिटतात.

आकार किती घ्यावा?

६ बाय ४ फुटांत अवजारांचं मोठं कपाट होतं, आत शिरून काम होत नाही. ८ बाय ६ मध्ये लहान बागेचं सगळं सामान मावतं. ओटा आणि यंत्र दोन्ही हवं असेल तर १० बाय ८ च्या खाली जाऊ नये. सामान आज लागतं त्यापेक्षा थोडं जास्त धरावं, पण दुप्पट नाही. जास्तीची जागा अडगळीने भरतेच, आणि मोठी शेड लहान बागेचा सगळा तोल घालवते.

कागदावरच्या मापावर विश्वास ठेवू नका. जागेवर चार खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि चारही कोपऱ्यांत शेडच्या उंचीचे बांबू उभे करा. आढं जिथे येईल तिथेही एक बांबू रोवा आणि टोकाला रंगीत कापड बांधा. मग घरात जा. ज्या खिडकीशी तुम्ही सगळ्यात जास्त वेळ असता तिथून बघा, जेवायच्या टेबलावरून बघा, फाटकातून आत येताना बघा. बांबू तसेच आठवडाभर राहू द्या. सकाळी सावली कुठे पडते, कपडे वाळत घालायच्या वाटेत कोपरा येतो का, शेजारच्यांचा उजेड अडतो का, हे सगळं फुकटात कळतं. माझ्या मते या कामातला सगळ्यात उपयोगी टप्पा हाच, आणि नेमका तोच लोक गाळतात.

दोरीचा चौकोन गुण्यात आहे का ते बघायला एका कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फूट आणि दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोन काटकोन आहे. शेवटी दोन्ही कर्ण मोजून बघा, ते सारखेच यायला हवेत.

जागा कोणती निवडावी?

सगळ्यात खोलगट कोपरा टाळा. तिथेच पाणी साचतं, आणि बागेत दुसऱ्या कशाला उपयोगी नाही म्हणून शेड हमखास तिथेच जाते. मोठ्या झाडाच्या अगदी खालीही नको: पानगळीने पन्हळ तुंबते, फांदी पडायची भीती राहते आणि पायाच्या खोदकामात मुळं तुटून झाडालाच इजा होते.

कुंपणाच्या भिंतीला चिकटवून शेड बांधायचा मोह होतो, पण मागे किमान २ फूट मोकळे ठेवा. त्या फटीत माणूस शिरला पाहिजे. नाहीतर मागची बाजू पुन्हा कधीच रंगवली जात नाही, पालापाचोळा साचून भिंत ओली राहते आणि वाळवी लागली तरी दिसत नाही.

रोज लागणारी शेड घरापासून फार लांब नेऊ नका. पावसात कुदळ परत ठेवायला जायचा कंटाळा येईल इतक्या लांब असेल, तर अवजारं अंगणातच गंजतील. वाट मात्र शेडसोबतच आखा. घराच्या दारापासून शेडच्या दारापर्यंत फरशीची किंवा खडीची नीट वाट गेली की शेड बागेत मागाहून आणून टाकल्यासारखी दिसत नाही.

शेड घराशी जुळते म्हणजे नेमकं काय जुळायला हवं?

सगळं नाही. घराची छोटी नक्कल केली तर शेड खेळण्यासारखी दिसते, विशेषतः घराच्या खिडक्या निम्म्या मापाने लहान करून बसवल्या तर. खिडकीची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण घरासारखं ठेवावं, संख्या कमी करावी. घराला उभट खिडक्या असतील तर शेडला उभट अशी एकच खिडकी पुरते.

घरातल्या दोन किंवा तीन गोष्टी उचला आणि तिथेच थांबा. माझा क्रम असा: पहिलं छप्पर, म्हणजे त्याचा उतार आणि शक्य तर साहित्यही. दुसरा रंग, निदान दारं-खिडक्यांच्या चौकटीचा. तिसरं जोत्याचं साहित्य. घराचं जोतं दगडी असेल आणि शेडच्या खालीही त्याच दगडाचा एक थर दिसला, तर वरच्या भिंती लाकडाच्या असल्या तरी दोघांचं नातं लगेच कळतं.

घर सपाट छपराचं, सरळ रेषांचं असेल तर कौलारू शेड उपरी वाटते. अशा घराशेजारी एका बाजूला हलका उतार असलेली, कडा नेटक्या ठेवलेली, कमी उंचीची शेड शोभते. उलट दुपाखी घराजवळ सपाट डबा ठेवला तर नजर सतत त्याच्यावरच अडखळते.

छपराचा उतार कसा ठरवायचा?

घराचा समोरून फोटो काढा आणि छपराच्या कडेचा कोन मोजा. शेड दुपाखी असेल तर तोच कोन घ्या. काही अंशांचा फरकसुद्धा लांबून दिसतो. दोन छपरं शेजारी असताना डोळा सगळ्यात आधी तेच टिपतो.

साहित्याच्याही अटी असतात. पन्हाळी पत्र्याला कमी उतार चालतो, पण तो ५ ते १० अंशांच्या खाली गेला की जोडातून पाणी आत येतं. बहुतेक मातीच्या कौलांना यापेक्षा बराच जास्त, साधारण २५ ते ३० अंशांचा उतार लागतो, आणि त्यांच्या वजनाला वासेही तसेच हवेत. हलक्या पत्र्याच्या सांगाड्यावर नंतर कौलं चढवू, असं म्हणून चालत नाही.

छप्पर भिंतीच्या बाहेर निदान ८ ते १२ इंच यायला हवं. ही वळचण शेडला भारदस्तपणा देते. वळचण नसलेली शेड बोडकी दिसते आणि लवकर कुजतेही, कारण पावसाचं पाणी थेट भिंतीवरून ओघळतं.

पाया आणि जोतं किती करावं?

कायमची, जड शेड असेल तर चोपून बसवलेल्या खडीच्या ४ इंची थरावर ४ इंची काँक्रीट पुरतं. यंत्र जड असेल किंवा जमीन भुसभुशीत, काळी, फुगणारी असेल तर जाणकाराला विचारून पाया खोल घ्या. लहान लाकडी शेड चोपलेल्या खडीवर काँक्रीटच्या ठोकळ्यांवरही छान उभी राहते, आणि खालून हवा खेळते हा फायदाच.

शेडची जमीन आजूबाजूच्या मातीपेक्षा ६ इंच तरी वर हवी. मातीचा उतार शेडपासून लांब जाणारा ठेवा. जोतं ६ इंचांचं असेल तर हातगाडीसाठी दारासमोर साधारण ४ फुटांचा उतार करावा लागतो, म्हणजे दर ८ इंचांना १ इंच चढ. याहून उभा केला तर भरलेली गाडी ढकलताना दमछाक होते. हा उतार आराखड्यात दाखवला नसेल तर नंतर तिथे एक फळी टाकली जाते, आणि ती कायम तशीच घसरत राहते.

हलकी शेड जमिनीला बांधायला विसरू नका. वादळी वाऱ्यात पत्र्याची किंवा प्लास्टिकची शेड उचलली जाते, म्हणून चारही कोपरे पायात अडकवलेल्या बोल्टांनी जखडा.

लाकूड, पत्रा, प्लास्टिक की वीट?

दिसायला लाकूड सगळ्यात जास्त बागेचं वाटतं आणि त्याला हवा तो रंग देता येतो. पण ते निगा मागतं. गाभ्याचं सागवान टिकाऊ असतं. साधं लाकूड घ्यायचं तर कूज आणि वाळवी यांवर प्रक्रिया केलेलं घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा टिकतो, फक्त कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं तिथल्या तिथे रंगवावी लागतात, कारण गंज तिथूनच सुरू होतो. प्लास्टिकची शेड धुतली की झाली, पण ती घराशी जुळवायला फारसा वाव नसतो आणि उन्हाने रंग विटतो. घर विटांचं असेल आणि शेड कायमची असेल तर वीट उत्तम. घरासारखाच गिलावा केला की ती घराचाच भाग वाटते.

लाकडी शेड खालून कुजते, त्यावर उपाय काय?

आधी ती कुजते कशी ते बघा. पागोळ्या जमिनीवर आदळतात, चिखलाचे शिंतोडे सगळ्यात खालच्या फळीवर उडतात आणि ती फळी दिवसेंदिवस ओली राहते. जवळ बसून पाहिलं तर तिथे मातीचे ठिपके, त्यावर हिरवट शेवाळ आणि फळीच्या कापलेल्या टोकाला काळपट डाग दिसेल. फळीचं आडवं कापलेलं टोक पाणी सगळ्यात वेगाने शोषतं, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून फळ्या ठोकण्याआधी सगळ्या बाजूंनी रंगवा आणि टोकांना दोन हात जास्त द्या. ठोकल्यावर टोकं रंगवता येत नाहीत.

वळचणीखाली १ फूट रुंदीची जाड खडीची पट्टी घाला, शिंतोडे बरेच कमी होतात. पन्हळ बसवली तर त्याहून बरं. खिडकीच्या बाहेर आलेल्या उंबऱ्याच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडी आत एक बारीक खाच पाडा. उंबऱ्याखालून मागे सरकणारं पाणी त्या खाचेशी थबकतं आणि खाली पडतं, भिंतीपर्यंत पोचत नाही. सुताराला हे काम काही मिनिटांचं, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

लाकूड मातीला कुठेही टेकू देऊ नका. वाळवी मातीच्या बारीक नळ्या करून वर चढते. जोतं उघडं असेल तर त्या नळ्या दिसतात आणि वेळीच बंदोबस्त करता येतो.

रंग कोणता द्यावा?

शेड नजरेत भरवायची की बागेत मिसळू द्यायची, हे ठरवा. झाडांच्या पार्श्वभूमीवर पांढरा रंग सगळ्यात पुढे येतो. मळकट हिरवा, करडा, गडद तपकिरी मागे सरतात आणि त्यांच्यासमोर फुलं उठून दिसतात. चकचकीत पोपटी मात्र पानांशी स्पर्धा करतो आणि हरतो.

मला स्वतःला भिंती गडद आणि दार घराच्या चौकटींच्या रंगाचं, ही जोडी सगळ्यात आवडते. फक्त गडद रंग ऊन जास्त शोषतो. शेडवर दिवसभर ऊन असेल तर आत चांगलंच तापतं, तिथे एक छटा फिकी घ्या. दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. २ बाय २ फुटांच्या फळीवर रंग देऊन ती जागेवर टेकवून ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी बघा.

दार कुठे आणि किती रुंद असावं?

दार शक्यतो लांब बाजूला घ्या. आत शिरल्यावर दोन्हीकडे हात पोचतो आणि लहान शेडही मोकळी वाटते. आखूड बाजूला दार असलं की मधला बोळ वाया जातो आणि मागचं सामान मागेच राहतं. रुंदी किमान ३ फूट. मोठं यंत्र असेल तर दोन झडपांचं ४ ते ५ फुटांचं दार. ते बाहेर उघडणारं असावं, म्हणजे आतली जागा जात नाही.

कडी-कोयंडा साध्या स्क्रूवर बसवला तर पटाशीने उचकटता येतो. आरपार जाणारे बोल्ट घाला आणि नट आतून कसा. बिजागऱ्याही अशा बसवा की दार लावल्यावर त्यांचे स्क्रू बाहेरून दिसणार नाहीत.

खिडक्या आणि हवा यांचं काय?

ओट्यासमोर खिडकी हवीच. ती दिवसभर थेट ऊन न येणाऱ्या बाजूला मिळाली तर उजेड शांत राहतो आणि आतलं सामान तापत नाही. नुसती सामानाची शेड असेल तर वर, वळचणीजवळ एक आडवी काचपट्टी पुरे. उजेड मिळतो, भिंत टांगायला मोकळी राहते आणि बाहेरून आतलं काही दिसत नाही.

हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके ठेवा, एक खाली आणि एक वर. गरम हवा वरून निघते, थंड खालून येते. पत्र्याच्या शेडमध्ये हे फार गरजेचं आहे. रात्री पत्रा गार पडला की आतल्या दमट हवेतलं पाणी त्याच्या खालच्या बाजूला जमतं आणि थेंब अवजारांवर पडतात. छप्पर गळतंय असं समजून लोक वरून डांबर लावत बसतात. झरोक्यांना जाळी लावा.

वीज घ्यावी का?

दिवसाच वापर असेल तर खिडकी आणि सौर दिवा भागवतो. यंत्रं चालवायची असतील तर वायरमनकडूनच काम करून घ्या: जमिनीखालून आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबल, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच. घरातून ओढलेली एक्स्टेन्शनची वायर ही कायमची सोय नव्हे. केबलचा चर खोदायचा तो वाट बांधण्याआधी.

पेट्रोल, औषधं, खतं एकत्र ठेवली तर चालतं?

नाही. कीटकनाशकं मूळ बाटलीतच, कुलूप असलेल्या कपाटात, मुलांच्या हातापासून दूर. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ती कधीही ओतू नका. पेट्रोल त्याच्यासाठी बनवलेल्या बंद कॅनमध्ये आणि थोडंच ठेवा. यंत्र गार झाल्याशिवाय आत आणू नका.

एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. लाकडाला अळशीचं तेल लावून झाल्यावर भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात, कारण ते तेल वाळताना उष्णता तयार होते. ती बाहेर सुटी पसरून वाळवा.

छपरावरचं पाणी साठवता येईल का?

जरूर साठवा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. ८ चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पावसात २०० लिटरचं पिंप जवळपास भरतं. पिंपाला झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर डासांची पैदास होते. आणि पिंप भरल्यावर पाणी कुठे जाणार तेही ठरवा. ते जोत्याशी सांडत असेल तर वरची सगळी मेहनत फुकट.

वेली चढवल्या तर शेड सुंदर दिसेल?

दिसेल, पण भिंतीवर थेट नको. भिंतीला चिकटून चढणाऱ्या वेली फळ्यांच्या फटीत शिरतात आणि ओल धरून ठेवतात. भिंतीपासून २ ते ३ इंच पुढे जाफरी बसवा आणि ती खाली बिजागरीवर ठेवा. रंगकामाच्या वेळी वेलीसकट हलकेच पुढे झुकवता येते. पायथ्याशी झुडपं लावताना ती पूर्ण वाढल्यावरही भिंतीपासून दीड फूट लांब राहतील असं बघा. लावताना रोप लहान असतं, म्हणून हे अंतर हमखास चुकतं.

छपरावरच माती घालून झाडं लावायची असतील तर आधी अभियंत्याकडून वजन काढून घ्या. भिजलेली माती दर चौरस मीटरला १०० किलोच्याही वर जाऊ शकते.

परवानगी लागते का?

जागेगणिक नियम वेगळे. क्षेत्रफळ, उंची, हद्दीपासूनचं अंतर आणि वीज-पाण्याची जोडणी यांवर ते ठरतं. स्थानिक बांधकाम विभागाकडे, सोसायटी असेल तर तिच्याकडेही, रेखाचित्र घेऊन आधीच जा. शेजाऱ्यांनाही दाखवा, त्यांच्या खिडकीतूनही ती दिसणार आहे.

तयार शेड आणली तर घराशी जुळवता येईल?

बऱ्यापैकी. घेताना छपराचा उतार आणि प्रमाण बघा, तेवढं नंतर बदलत नाही. बाकी रंग, दाराच्या कड्या, खिडकीची चौकट, जोत्याचा दगड हे सगळं तुमच्या हातात असतं.

जुनी शेड आहे, पाडायची इच्छा नाही. काय करता येईल?

सांगाडा सरळ आणि खालचे वासे टणक असतील तर पाडू नका. वाशात पेचकस दाबून बघा. सहज आत गेला तर तेवढा वासा बदला. मग छपराच्या कडेला रुंद पट्टी मारा, पन्हळ लावा, दार बदला आणि भिंती एका गडद रंगात न्या. एवढ्यानेही शेड ओळखू येत नाही. मात्र छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते स्वतः कापू, भोकं पाडू, घासू किंवा फोडू नका. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. पत्रा अखंड असेल तर त्याला तसाच राहू द्या, आणि काढायचाच असेल तर हे काम रीतसर करणाऱ्यांना बोलवा.